खाली न जाणाऱ्यांची लीग

इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) रेलिगेशन, म्हणजे तळाला राहिलेल्या क्लबाने खालच्या लीगमध्ये जाणं, हवं की नको, हा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी ठरलेल्या स्टेशनात शिरते : कुठला क्लब मोठा? परवा बाणेरला चहाच्या टपरीवर तेच झालं. माझा मेव्हणा मुंबई सिटीवाला. त्याच्या मते ईस्ट बंगालसारखा क्लब खाली गेला तर मोहन बागानशी होणारी कोलकात्याची डर्बी गेली, डर्बी गेली की प्रेक्षक गेले, प्रेक्षक गेले की टीव्हीवाले गेले. समोर बसलेला गोव्याचा मित्र चर्चिल ब्रदर्सचा कैवारी. त्याचं उत्तर काय, तर चर्चिलचा इतिहास २०२३ मध्ये जन्मलेल्या इंटर काशीपेक्षा कितीतरी मोठा, म्हणून खालच्या आय-लीगमधून आयएसएलमध्ये जायचा हक्क चर्चिलचाच. दोघं तावातावाने भांडत होते आणि आपण एकच गोष्ट बोलतोय हे दोघांच्याही लक्षात येत नव्हतं. क्लब मोठा असेल तर त्याची जागा राखून ठेवा, एवढंच दोघांचं म्हणणं. एकाला ती राखीव जागा वर टिकून राहायला हवी, दुसऱ्याला वर चढायला.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. क्लब केवढा आहे यावरून तो कुठे खेळणार हे ठरता कामा नये. आयएसएलने रेलिगेशनची तारीख जाहीर करावी आणि त्या मोसमात जो तळाला असेल तो खाली जावा, मग त्याचं वय शंभर असो की चार. आणखी एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो : ज्यांना आपण खाली जाण्यापासून वाचवलं, तेच क्लब आपल्याकडे सगळ्यात आधी मेले. हे मी पुण्यात राहून म्हणतोय. या बाबतीत पुण्याचा हात धरणारं शहर देशात नाही.

माझ्या कपाटात चार क्लबांचे चार मफलर आहेत : पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी. चारही बालेवाडीच्या क्रीडानगरीत खेळले आणि चारही आज नाहीत. मफलर तेवढे राहिले. पुण्याच्या हवेत ते गळ्यात घालायची वेळ तेव्हाही फारशी आली नव्हती. यातला पुणे एफसी दुसऱ्या डिव्हिजनमधून खेळून आय-लीगमध्ये (ती तेव्हा देशाची अव्वल लीग होती, पुढे आयएसएलच्या खालची झाली) आला होता, २०१२-१३ ला चर्चिलच्या मागोमाग दुसरा आला, आणि २०१५ मध्ये मालकांनी तो गुंडाळला. पण खरी गंमत पुढच्या दोघांची आहे. २०१४-१५ च्या मोसमात भारत एफसीला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. खालून खेळून यायची गरज नाही, पैसे आहेत ना, मग या. अकरा संघांत तो अकरावा आला. मग खाली कोण गेलं? दहावा आलेला डेम्पो. कारण थेट प्रवेशवाल्यांना रेलिगेशनपासून संरक्षण होतं. डेम्पो म्हणजे पाच वेळा देशाची लीग जिंकलेला गोव्याचा क्लब. तो मुकाट्याने दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला आणि वर्षभरात ती डिव्हिजन जिंकून दाखवली. ज्याला वाचवण्यासाठी हे सगळं झालं, त्या भारत एफसीने मात्र एका मोसमात शटर ओढलं.

एकदा झालं तर चूक म्हणू. पण पुढच्याच वर्षी, त्याच शहरात, तोच प्रयोग. डीएसके शिवाजियन्सला थेट प्रवेश, नऊ संघांत नववा नंबर, संरक्षण कायम. खाली ढकलला गेला आठवा आलेला मिझोरमचा ऐझॉल एफसी. त्याच वर्षी आयएसएलला बंद लीग ठेवण्याच्या आराखड्याचा निषेध म्हणून गोव्याच्या क्लबांनी आय-लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या, म्हणून ऐझॉलला परत बोलावलं. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून तोच ऐझॉल देशाचा विजेता झाला. प्रशिक्षक होता खालिद जमील, ज्याला आदल्या वर्षीपर्यंत आपण मुंबई एफसीच्या डगआउटमध्ये बघत होतो. संघात मुंबईचा जयेश राणे. डीएसके त्या मोसमानंतर दिसला नाही. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं पुण्याच्या एकेका क्लबाला हात देऊन वर ठेवलं आणि त्यासाठी ज्यांना खाली लोटलं, त्यातला एक दुसऱ्या डिव्हिजनचा विजेता झाला, दुसरा देशाचा. हात दिलेले दोघंही आज नाहीत. यातून कोणाला काही वेगळं दिसत असेल तर मला जरूर दाखवावं.

आता माझ्या विरोधकांकडे जे चांगलं आहे ते मान्य करतो. पहिली गोष्ट, महाराष्ट्रात रेलिगेशननंतर बंद पडलेला क्लब आहे, आणि तो मुंबई एफसी. ऐझॉल जिंकला त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला, खाली उतरला आणि संपला. कूपरेजला त्यांचे सामने बघितलेल्या माणसाला हे लिहिताना बरं वाटत नाही. दुसरी गोष्ट, हैदराबाद. २०१९-२० मध्ये हैदराबाद एफसी आयएसएलमध्ये शेवटचा आला. रेलिगेशन असतं तर तिथेच कारभार आटोपला असता. ते नव्हतं म्हणून क्लबला दम घ्यायला वेळ मिळाला, तरुण खेळाडूंवर काम झालं आणि २०२१-२२ मध्ये तोच क्लब आयएसएल जिंकला. हा मुद्दा कोणी हसण्यावारी नेऊ नये. मलाही त्याचं उत्तर शोधायला वेळ लागला. तिसरी गोष्ट, कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग. आय-लीग जिंकून, मैदानावर कमावून, २०२४-२५ ला वर आला आणि तेरा संघांत तेरावा आला. पैशांची ओढाताण साऱ्या देशाने बघितली. म्हणजे मैदानावर कमावलेली बढती पेलतेच असं नाही. आणि चौथी गोष्ट इंग्लंडची. बरी नावाचा क्लब २०१९ च्या एप्रिलअखेर वरच्या डिव्हिजनमध्ये गेला आणि ऑगस्टमध्ये फुटबॉल लीगमधून हद्दपार झाला, कारण ज्या संघाच्या जोरावर बढती मिळवली त्याचे पगार द्यायला पैसाच नव्हता. शिडी उघडी असली की माणसं तिच्यावरून पडतातही.

हे सगळं खरं आहे. तरीही माझं मत का बदलत नाही?

हैदराबादपासून सुरुवात करू, कारण तिथेच पूर्ण गोष्ट सांगितली जात नाही. हैदराबाद एफसी मुळात आला कुठून? २०१९ मध्ये आमचा एफसी पुणे सिटी बुडाला आणि त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. पुण्याचा क्लब एकदाही रेलिगेट झाला नाही. होऊच शकत नव्हता. एका सकाळी उठलो तेव्हा तो दुसऱ्या राज्यात गेलेला होता. मग हैदराबाद २०२२ ला जिंकला, फार छान. २०२३-२४ ला पगार थकले, खेळाडू सोडून गेले, २२ सामन्यांत एकच विजय, पुन्हा तळ. आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. संरक्षण मिळालं ते कोणाला? पुण्याच्या प्रेक्षकाला नाही, हैदराबादच्याही नाही. संरक्षण मिळालं ते लीगमधल्या एका खुर्चीला. तिच्यावर आज पुणेकर बसला, उद्या हैदराबादी, परवा दिल्लीकर. खुर्ची मात्र कधी रिकामी झाली नाही. यापेक्षा क्लब खाली गेला असता तर निदान आम्ही बालेवाडीला दुसऱ्या डिव्हिजनचे सामने बघायला गेलो असतो. पडलेल्या घराशी माणसाचं नातं उरतं, विकलेल्या घराशी काय उरणार?

मुंबई एफसीचंही तसंच बघा. तो रेलिगेशनने मेला असं म्हणणं सोपं आहे. पण महिंद्रा युनायटेड कशाने मेला? २००५-०६ चा देशाचा विजेता, १९६२ पासूनची परंपरा, आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद करायचा निर्णय घेतला. पंजाबचा जेसीटी त्याच्या पुढच्या वर्षी गेला. आता डिसेंबर २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी ग्रुपनेही मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं, आणि ते तर भारतातल्या सगळ्यात यशस्वी क्लबांपैकी एकाचे मालक होते (टपरीवर हे मी मेव्हण्याला मुद्दाम ऐकवलं नाही, चहाचे पैसे तो देणार होता). आपल्याकडे क्लब मरतात ते मालकाचं मन उडालं की. मन उडायला रेलिगेशन हे एक निमित्त असेल. ते नसलं तरी दुसरं सापडतं. मग जो आजार मालकीत आहे त्यावर औषध म्हणून लीगची दारं लावून घेण्यात काय अर्थ?

उलट बंद दारांनी एक वेगळाच आजार लावला आहे आणि तो ट्रान्सफरच्या बाजारात स्वच्छ दिसतो. ऐझॉलने लीग जिंकली, मग पुढे काय झालं? खालिद जमील ईस्ट बंगालला गेला, मधल्या फळीचा कणा असलेला महमूद अल अमना त्याच्यामागे गेला, जयेश राणे आणि आशुतोष मेहता आयएसएलमध्ये कोलकात्याच्या एटीकेला. काही महिन्यांत विजेता संघ विस्कटला. खेळाडूंना दोष द्यायचं कारण नाही. कारकीर्द दहा वर्षांची, पोट भरायचं असतं. पण त्यांना थांबवायला ऐझॉलकडे होतं काय? 'थांब, आपण वर जातोय' हे वाक्य लहान क्लबाकडचं सगळ्यात मोठं भांडवल असतं आणि ते ऐझॉलला उच्चारताच येत नव्हतं. वर जायला वाटच नव्हती. २०१७ ला ऐझॉल, २०१८ ला मिनर्व्हा पंजाब, २०१९ ला चेन्नई सिटी, २०२१ आणि २०२२ ला गोकुलम केरला : हे सगळे आय-लीग जिंकले आणि जिथे होते तिथेच राहिले. गोकुलमने लागोपाठ दोनदा जिंकूनही. चेन्नई सिटीला एकवीस गोल करून देणारा पेद्रो मान्झी पुढच्याच मोसमाच्या मध्यात जपानला गेला, आणि काही वर्षांत खुद्द चेन्नई सिटीच राष्ट्रीय लीगमधून दिसेनासा झाला.

याच्या उलट उदाहरण लंडनच्या ब्रेंटफर्डचं. २०२० साली बढतीसाठीच्या प्लेऑफची अंतिम लढत हरल्यावर त्यांनी ऑली वॉटकिन्स हा त्यांचा सर्वोत्तम गोलस्कोअरर ॲस्टन व्हिलाला २.८ कोटी पौंडांना विकला. मोठ्या क्लबने लहानाचा घास घेतला, असंच तेव्हा सगळे म्हणाले. पण त्याच्या जागी त्यांनी पीटरबरोहून आयव्हन टोनीला आणलं, त्याने त्या मोसमात लीगमध्ये ३१ गोल मारले आणि २०२१ च्या मे महिन्यात ब्रेंटफर्ड ७४ वर्षांनी पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला. विकूनसुद्धा चढता येतं, पण शिडी असेल तर. शिडी नसेल तर खेळाडू विकणं म्हणजे घरातली भांडी विकणं. आपल्याकडे तेवढंही होत नाही. लहान क्लबांचे करार इतके छोट्या मुदतीचे असतात की खेळाडू जातो तेव्हा बहुतेक वेळा हातात एक रुपयाही पडत नाही. 'ट्रान्सफरचं बघा, मोठे क्लब किती खर्च करतात' म्हणून कौतुक करणाऱ्यांनी तो खर्च खालच्या क्लबापर्यंत कधी पोचतो का, हेही बघावं.

इतिहासात हा वाद नवा नाही. १९१९ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये दोन जागा वाढवल्या आणि त्यातली एक कोणाला द्यायची यावर क्लबांनी मतदान केलं. पहिल्या महायुद्धामुळे लीग थांबण्याआधीच्या शेवटच्या मोसमात दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पाचव्या-सहाव्या स्थानावर असलेल्या आर्सेनलला १८ मतं पडली, पहिल्या डिव्हिजनच्या तळाला राहिलेल्या टॉटनहॅमला ८. आर्सेनल वर आला आणि आजतागायत खाली गेलेला नाही. मोठ्यांची बैठक भरवून जागा वाटल्या की काय होतं, याचं हे उदाहरण शंभर वर्षांनंतरही उत्तर लंडनमध्ये भांडणाला पुरतं. पण त्यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टॉटनहॅमचं काय झालं? ते दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेले, पहिल्याच फटक्यात ती जिंकून वर आले आणि १९२१ ला एफए कप उचलला. खालच्या टोकालाही इंग्लंडमध्ये १९८६ पर्यंत असाच कारभार होता. तळाचे चार क्लब दरवर्षी हात जोडून फेरनिवडीला उभे राहायचे आणि इतर क्लब बहुधा ओळखीच्या माणसाला सांभाळून घ्यायचे. १९८७ ला थेट रेलिगेशन आलं तेव्हा लीगच्या संस्थापकांपैकी एक असलेला बर्नली शेवटच्या दिवशी जेमतेम वाचला आणि लिंकन सिटी खाली गेला. लिंकन पुढच्याच वर्षी परत आला. बर्नलीला त्या भीतीने काय शिकवलं ते बर्नलीवाले सांगतील, पण क्लब आजही आहे.

'इंग्लंड सोडा हो, त्यांचं सव्वाशे वर्षांचं फुटबॉल' असं कोणी म्हणेल. मग जपान घ्या. जे-लीग १९९३ ला दहा क्लबांवर सुरू झाली, रेलिगेशन नव्हतं, कंपन्यांचे पैसे होते. थेट आयएसएलचाच नमुना. फरक इतकाच की १९९९ ला दुसरी डिव्हिजन आली आणि दारं उघडली. पहिल्याच वर्षी खाली कोण गेलं माहीत आहे? उरावा रेड्स. जपानमधला सगळ्यात जास्त पाठीराखे असलेला क्लब, तोही गोलफरकाने. माझ्या मेव्हण्याच्या हिशेबाने जपानी फुटबॉल तिथेच संपायला हवं होतं. उरावा एका वर्षात परत आला, २००६ ला लीग जिंकला आणि २००७ ला आशियाचा विजेता झाला. त्याच सुमारास योकोहामा फ्लूगेल्स हा क्लब प्रायोजकाने हात काढून घेतल्यामुळे शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन झाला. आमच्या पुणे एफसीसारखीच गोष्ट, इथपर्यंत. तिथल्या पाठीराख्यांनी मात्र योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब काढला आणि खालून चढत २००७ ला पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचले. आम्ही पुण्यात तसं का केलं नाही, असं मला एकाने विचारलं होतं. केलं असतं तरी कुठे पोचलो असतो?

अमेरिकेचं उदाहरण उरतं, आणि ते खरंच वजनदार आहे. मेजर लीग सॉकर १९९६ पासून बंद आहे आणि दहा क्लबांवरून तीसवर गेली आहे. पण तिथे बास्केटबॉलपासून बेसबॉलपर्यंत सगळ्याच लीग बंद आहेत. प्रेक्षकाला दुसरं काही अपेक्षितच नाही. आपल्याकडे तसं आहे का? मुंबईत क्रिकेटची कांगा लीग १९४८ पासून भर पावसात, गुडघाभर गवतात खेळली जाते, आणि तिच्यात ए डिव्हिजनपासून जी डिव्हिजनपर्यंत चढउतार आहेत. कसोटीपटू असलेल्या क्लबालाही गुण नसतील तर बी डिव्हिजन दाखवलं जातं. कुस्तीत तर विचारूच नका. बाप हिंदकेसरी म्हणून मुलाला कोणी मातीत न उतरता गदा देत नाही. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही; आयएसएलने ती परकी केली. आणि एप्रिल २०२१ ला बारा बड्या युरोपीय क्लबांनी स्वतःच्या जागा पक्क्या ठेवणाऱ्या सुपर लीगची घोषणा केली तेव्हा आपलीच पोरं, चेल्सीची आणि लिव्हरपूलची जर्सी घालून, 'फुटबॉल विकायला काढलं' म्हणून संतापली होती. तो बेत दोन दिवसांत कोसळला, तेव्हा पेढे वाटायचे बाकी राहिले होते. तिकडे जो दरोडा, तो इकडे दूरदृष्टी कसा?

मालकांच्या बाजूने एक न्याय्य मुद्दा आहे आणि तो डावलता येणार नाही. त्यांनी वर्षानुवर्षं फ्रँचायझी फी भरली ती खाली जायचं नाही या समजावर. नियम मध्येच बदलणं म्हणजे दगा. मान्य, जर नियम अचानक बदलत असते तर. पण आशियाई महासंघाच्या सल्ल्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये जो आराखडा ठरला त्यात लिहिलेलं होतं : २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला वर यायची संधी, आणि २०२४-२५ पासून पूर्ण चढउतार करण्याची शिफारस. पाच वर्षांची नोटीस यापेक्षा स्पष्ट काय असते? पहिला अर्धा भाग पाळला. पंजाब एफसी वर आला, मोहम्मडन आला, पुढे जुलै २०२५ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने २०२४-२५ चा निकाल फिरवून चर्चिलऐवजी इंटर काशीला आय-लीगचा विजेता ठरवलं. उतरण्याचा भाग मात्र आला नाही; २०१४ पासूनच्या पहिल्या अकरा मोसमांत एकही क्लब खाली गेला नाही. २०२१-२२ ला ईस्ट बंगाल २० सामन्यांत एक विजय मिळवून शेवटचा आला, काही झालं नाही. आता मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. चढणारे चढतायत, उतरणारं कोणी नाही. डबा गच्च भरला की दारात उभे असलेलेच ओरडतात, 'पुढची गाडी पकडा!' आणि ते स्वतः मागच्या स्टेशनला लोंबकळत चढलेले असतात.

गोव्याच्या मित्रालाही माझं हेच सांगणं आहे, जरी माझा जीव चर्चिलवर आहे. चर्चिलच्या हातात करंडक देऊन परत घ्यायची वेळ यावी, एका मोसमाचा निकाल निलंबित खेळाडू कोण आणि परदेशी खेळाडूची पुन्हा नोंदणी चालते का यावर महिनोन्‌महिने लटकावा, हा कारभार लाजिरवाणाच. पण त्यावर 'आम्ही जुने, ते २०२३ चे' हे उत्तर नव्हे. डेम्पोने ते उत्तर दिलं नाही. तो खाली गेला, जिंकला, निषेध म्हणून बाहेर पडला, आणि पुढे आय-लीग टू मधून खेळून २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परत आला. मोठेपण कुठे असतं असं विचारलं तर मी त्या वाटेकडे बोट दाखवीन.

मोहम्मडन आणि बरीच्या मुद्द्याचं उत्तर थोडक्यात देतो कारण ते खरं तर हिशेबनिसाचं काम आहे. वर येणाऱ्याची आर्थिक तपासणी मोसमाआधी आणि मोसमातही करा. खाली जाणाऱ्याला दोनेक वर्षं उत्पन्नातला कमी होत जाणारा वाटा द्या. खेळाडूंच्या करारात डिव्हिजन बदलली तर पगार बदलेल असं कलम घाला. आणि हेच निकष वरच्या क्लबांनाही लावा. पगार थकवून बसलेला क्लब आयएसएलमध्ये चालतो आणि आय-लीगवाल्याला मात्र कागद अपुरा म्हणून दारातून परत पाठवायचं, हे बंद झालं तरी अर्धं काम होईल.

टपरीवर मेव्हण्याने शेवटचा बाण काढला : खाली गेलेल्या क्लबाचे सामने बघायला कोण येतं? मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. हे मला विचारायचं नसतं.

कोल्हापुरात मोसमाआधी खेळाडू नोंदणीचे दिवस आले की कोण कुठल्या तालमीकडून सही करतोय यावर पैजा लागतात. तेच आमचं ट्रान्सफर मार्केट. मी शाळेत असताना पेठेजवळचा एक संघ (नाव घेत नाही, अजूनही भांडण होईल) आपले दोन चांगले खेळाडू दुसऱ्या तालमीकडे गेल्यावर अ गटातून ब गटात गेला. शेवटच्या सामन्यात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हलगी वाजायची थांबली ते आठवतं. माझा मामा त्या संघाचा. तिथून घरापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही, दारात चपला काढताना तेवढं म्हणाला, "आता ब गटाचं टाइमटेबल कवा लागतंय बघाय पायजे." पुढच्या वर्षी ब गटाचे सामने आडवेळेला, डोक्यावर ऊन घेऊन असायचे. मामा छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन एक सोडून सगळ्या सामन्यांना गेला. त्या एका दिवशी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि तारीख पुढं ढकलता येईल का, हेही त्याने डॉक्टरांना विचारून बघितलं होतं.